लोणावळ्यात काय झालं?

(रायगड किनाऱ्यावरील एका स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)

‘द फॅमिली मॅन’चा पहिला सीझन 20 सप्टेंबर 2019 रोजी ॲमेझॉन प्राइम व्हिडिओवर आला. राज निदिमोरू आणि कृष्णा डी. के. या जोडगोळीची ही मालिका. दहाव्या भागाच्या शेवटी दिल्लीतल्या एका रासायनिक कारखान्यातून विषारी वायू सुटायच्या बेतात असतो, नायकाचे दोन तरुण सहकारी आत अडकलेले असतात, असंख्य माणसांचा जीव टांगणीला लागलेला असतो, आणि तिथेच सीझन संपतो. दुसरा सीझन यायला जून 2021 उजाडला. मधल्या पावणेदोन वर्षांत प्रेक्षकांनी दिल्लीच्या त्या माणसांची फारशी चौकशी केली नाही. त्यांचा प्रश्न एकच होता: लोणावळ्यात काय झालं?

ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. नायक श्रीकांत तिवारी हा राष्ट्रीय तपास यंत्रणेतल्या एका गुप्त शाखेचा अधिकारी. त्याची बायको सुचित्रा अरविंद नावाच्या सहकाऱ्याबरोबर कामानिमित्त लोणावळ्याला जाते. रात्री मुक्काम पडतो. पुढचं दिग्दर्शक दाखवत नाहीत. बस्स, एवढंच. पण त्यावरून विनोदांचा, चित्रांचा आणि तर्कांचा असा पूर आला, की घाटाखाली खोपोलीपर्यंत पाणी यावं. दुसऱ्या सीझनमध्ये लेखकांनी वायूचं प्रकरण उरकून टाकलं आणि लोणावळ्याचं मात्र शेवटपर्यंत शिलकीत ठेवलं. प्रेक्षकांचं मन कुठे गुंतलंय हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

हेरगिरी, हाणामारी आणि संसार यांची मिसळ असलेल्या विनोदी कथा इतक्या आवडीने का पाहिल्या जातात, हा आजच्या व्याख्यानाचा विषय. स्मृतिव्याख्यानाला हा विषय उथळ वाटेल, अशी शंका काही मंडळींना आलीही असेल. ज्या किनाऱ्याने स्वतः हेर पाहिलेत, चोरटा माल उतरताना पाहिलाय आणि रिकाम्या बोटीला घाबरून जागरणंही केलीत, तिथे हा विषय उथळ ठरू नये. प्रस्तुत वक्त्याचं म्हणणं थोडक्यात असं: या कथांची खरी गोडी थापेत आहे, बंदूक त्या थापेच्या मागून येते. नेहमीच्या हेरपटातला नायक शत्रूशी खोटं बोलतो. ते खोटं पकडलं गेलं तर जीव जातो, पण त्याचं प्रेक्षकाला काही घेणंदेणं नसतं, कारण प्रेक्षक कधी शत्रूशी खोटं बोललेलाच नसतो. घरी मात्र तो रोज बोलतो. “कुठे होतास?” हा प्रश्न जेम्स बाँडला कोणी विचारत नाही. श्रीकांत तिवारीला तो बायको विचारते, मुलगी विचारते आणि कार्यालयातला वरिष्ठही विचारतो.

मनोज बाजपेयीने केलेला हा श्रीकांत दिसायला अगदी आपल्या शेजारच्या जिन्यात भेटणारा इसम आहे. मुलांच्या लेखी तो सरकारी कार्यालयात फायली सरकवतो. मुलांच्या शाळेतून बोलावणं येतं नेमकं तेव्हाच, जेव्हा संशयितावर पाळत ठेवायची असते. दुसऱ्या सीझनमध्ये बायकोच्या समाधानासाठी तो गुप्त खातं सोडून एका आयटी कंपनीत रुजू होतो. तिथला त्याच्याहून कितीतरी तरुण साहेब त्याला ‘मिनिमम गाय’ होऊ नकोस, असा उपदेश ऐकवत राहतो. दहशतवाद्यांपुढे न डगमगणारा हा माणूस त्या काचेच्या केबिनमध्ये खालमानेने बसतो. शेवटी एके दिवशी त्याचा हात सुटतो. त्या प्रसंगाला घरोघर ज्या टाळ्या पडल्या, त्या देशभक्तीच्या नव्हत्या. मासिक उद्दिष्ट आणि साप्ताहिक बैठक यांनी पिचलेल्या नोकरदाराच्या त्या टाळ्या होत्या, आणि तेव्हा कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत कार्यालय घरातच येऊन बसलेलं होतं.

श्रीकांतचा सहकारी जे. के. तळपदे. शारिब हाश्मीने केलेला हा तळपदे अस्सल मुंबईकर, तोंडी मराठी, लग्न न झालेला आणि म्हणून दुसऱ्याच्या संसारावर हक्काने बोलणारा. गाडीत बसून पाळत ठेवताना हे दोघे जे बोलतात ते ऐकण्यासारखं आहे. समोरच्या इमारतीत कट शिजतोय आणि इकडे चर्चा कसली, तर बायको रागावली त्याची. पाळत म्हणजे नव्वद टक्के कंटाळा, हे खरं तर या व्यवसायातलं मोठं सत्य. गंभीर हेरपट ते गाळतात. विनोदी हेरपटाचा तो गाभा असतो, कारण कंटाळलेली दोन माणसं एका जागी बसली की ती घरच्याच गोष्टी काढणार.

आता जरा मागे जाऊ. ही तऱ्हा आपल्याकडे अमेरिकेतून आली असा एक समज आहे. 1994 साली जेम्स कॅमेरॉनचा ‘ट्रू लाइज’ आला तेव्हापासून तो पक्का झाला. तो चित्रपटही मुळात अमेरिकन नाही. क्लोद झिदी यांचा ‘ला तोताल’ हा 1991चा फ्रेंच चित्रपट त्याचा आधार. ‘ट्रू लाइज’मध्ये नवरा गुप्तहेर, पण बायकोला वाटतं तो संगणक विकतो. या चित्रपटातली सगळ्यात हुशार कल्पना स्फोटांमध्ये नाही. बायको एका परक्या माणसात थोडी गुंतते. तो माणूस असतो जुन्या गाड्या विकणारा, आणि बायकांवर छाप पाडण्यासाठी तो स्वतःला गुप्तहेर म्हणवतो. म्हणजे खरा हेर घरात विक्रेता होऊन बसलाय आणि खरा विक्रेता बाहेर हेर म्हणून मिरवतोय. बिचारीला साहस हवं होतं, ते घरात होतं, पण तिला कोणी सांगितलंच नाही.

याच चित्रपटात एक प्रसंग मात्र आज पाहताना अंगावर येतो. नवरा सरकारी यंत्रणा वापरून बायकोला उचलून आणवतो, आरशाआड बसून, आवाज बदलून तिची उलटतपासणी करतो. चित्रपट त्यावर हसायला सांगतो. त्या काळी लोक हसलेही. बायकोवर पाळत ठेवण्यासाठी सरकारची साधनं वापरणं हा विनोद कसा काय, हा प्रश्न पुढच्या तीस वर्षांत ठळक झाला, आणि ‘फॅमिली मॅन’च्या लेखकांना त्याची जाण आहे. त्यांनी सुचित्राला स्वतःचं काम दिलं, स्वतःची गुपितं दिली आणि नवऱ्याला उत्तर न देण्याची मुभाही दिली.

मराठी माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. गोविंद बल्लाळ देवलांनी ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ लिहिलं 1893 साली. त्याचंच पुढे ‘संगीत संशयकल्लोळ’ झालं आणि 1916 साली गंधर्व नाटक मंडळीने ते रंगमंचावर आणलं. मूळ कथानक मोलिएरचं, इंग्रजीच्या वाटेने आलेलं. फाल्गुनराव बायकोवर पाळत ठेवतो. बायको कृत्तिका नवऱ्यावर पाळत ठेवते. मध्ये एक तसबीर पुरावा म्हणून फिरते आणि जो तो तिचा आपल्याला सोयीचा अर्थ काढतो. ‘मिस्टर अँड मिसेस स्मिथ’ या 2005 सालच्या चित्रपटात नवरा-बायको दोघेही मारेकरी असतात आणि एकमेकांपासून ते लपवतात. त्यांच्या हातातली शस्त्रं काढून घेतली तर उरतो तो संशयकल्लोळच, फक्त पदांविना.

त्यानंतर आपल्याकडे फार्स आला. बबन प्रभूंचं ‘झोपी गेलेला जागा झाला’ घ्या, ‘दिनूच्या सासूबाई राधाबाई’ घ्या. आधी एक थाप, ती झाकायला दुसरी, दुसरी झाकायला तिसरी, आणि दारं सटासट उघडतायत. 1988चा ‘अशी ही बनवाबनवी’ तर या विद्येचं विद्यापीठच. चौघे तरुण खोटं का बोलतात? पुण्यात भाड्याने जागा मिळावी म्हणून. मूळ कल्पना हृषिकेश मुखर्जींच्या 1966च्या ‘बीवी और मकान’ची, त्यातही अडचण घराचीच. वेषांतर, खोटं नाव, खोटी ओळख, उघडं पडण्याची भीती, अशी हेराची सगळी सामग्री या चौघांतल्या धनंजय मानेंच्या बिऱ्हाडात होती. म्हणूनच हेर-संसाराचा विनोद मराठी प्रेक्षकाला समजावून सांगावा लागत नाही. तो त्याच्या सरावाचा आहे.

रहस्यकथांचं पान उलटल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. बाबूराव अर्नाळकर, म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण, यांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचा धनंजय आणि छोटू, त्यांचा काळापहाड आणि त्यांचा झुंजार यांच्यावर दोन पिढ्या वाढल्या. अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचलेली ही पुस्तकं. म्हणजे वाचकसुद्धा घरच्यांपासून लपूनछपूनच वाचत होता! पण यातली एक गोष्ट फार कोणी लक्षात घेत नाही. झुंजार एकटा नाही, त्याच्याबरोबर विजया आहे, त्याची बायको, आणि ती घरी वाट पाहत बसणारी नाही. पुढे गुरुनाथ नाईकांनी कॅप्टन दीपला सैन्याची पार्श्वभूमी दिली आणि मराठी वाचकाला सीमेपलीकडे नेलं. समीक्षकांनी या पुस्तकांकडे पाठ फिरवली. फिरत्या वाचनालयांनी आणि रेल्वे स्टेशनांवरच्या स्टॉलनी ती जगवली. साहित्याच्या इतिहासाला ही बेपर्वाई शोभत नाही, हे या व्यासपीठावरून म्हणायला हरकत नसावी.

इथवर झालं नाटक-सिनेमाचं. आता आपल्या दाराशी येऊ.

मुरूडच्या पाण्यातला जंजिरा आपण सगळ्यांनी पाहिलाय. कोंडाजी फर्जंद हा 1673 साली मूठभर माणसांनिशी पन्हाळा घेणारा मर्द. संभाजीराजांच्या कारकिर्दीत, 1681च्या सुमारास, राजांशी बिनसल्याचा बहाणा करून तो जंजिऱ्याच्या सिद्दीकडे गेला. बेत होता किल्ल्याच्या दारूकोठाराला आग लावण्याचा. तो फसला आणि कोंडाजीला प्राण गमवावे लागले. कट फुटला कसा? परंपरेने सांगितलं जातं ते असं, की एका दासीच्या तोंडून बातमी बाहेर गेली. तोफा, तट, समुद्र या सगळ्यांना पुरून उरलेला माणूस अंतःपुराच्या कुजबुजीत हरला. ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ या झी मराठीवरच्या मालिकेत हा भाग आला तेव्हा घराघरांत डोळे पुसले गेले. प्रेक्षक रडला तो कोंडाजीच्या शौर्यासाठी तर होताच, पण आणखी एका गोष्टीसाठीही: आपल्या माणसांच्या नजरेत फितूर ठरून जगणं. हेराला सगळ्यात जड जातं ते हेच, आणि विनोदी कथा ज्या जखमेवर फुंकर घालते ती हीच. श्रीकांत तिवारीला मुलं कुचकामी बाप समजतात. कोंडाजीच्या दुःखाची ही घरगुती, हलकी आवृत्ती आहे.

शिवरायांच्या हेरखात्याची गोष्ट निघाली की बहिर्जी नाईकांचं नाव येतंच. 1664च्या सुरत स्वारीआधीची टेहळणी त्यांच्या नावावर आहे. ‘फर्जंद’ या 2018च्या चित्रपटात प्रसाद ओकने ते उभे केले. पण बहिर्जींच्या घरच्यांबद्दल कुठे काही वाचलंय? वेषांतराच्या शंभर गोष्टी सापडतील; घरी परत आल्यावर बायको काय म्हणाली, याची एकही नाही. इतिहासकाराचा यात दोष नाही, कागदच नाहीत. कादंबरीकार मात्र ती जागा भरू शकला असता.

1993च्या जानेवारी-फेब्रुवारीत दिघी आणि शेखाडीला जे उतरलं त्यात विनोद नाही. मुंबईत 12 मार्चला स्फोट झाले, 257 माणसं गेली, आणि त्यातलं आरडीएक्स श्रीवर्धन तालुक्याच्या किनाऱ्यावरून गेलं होतं. माल उतरतोय हे ठाऊक असणाऱ्यांत गणवेशातली माणसंही होती, हे पुढे न्यायालयात सिद्ध झालं. हुसेन झैदींचं ‘ब्लॅक फ्रायडे’ आणि त्यावरचा अनुराग कश्यपचा चित्रपट यांत तो घटनाक्रम आहे. इथे त्याचा उल्लेख एवढ्यासाठीच, की त्या प्रकरणातही थापेची साखळी होती आणि ती घराघरांतून गेली होती. चोरटी चांदी, चोरटं कापड किनाऱ्याला नवं नव्हतं. रात्री गेलेला माणूस पहाटे परत आला तर फार विचारायचं नाही, ही जुनी रीत. न विचारण्याच्या त्या सवयीची किंमत 257 माणसांच्या कुटुंबांनी मोजली. हेर-संसाराच्या विनोदात “कुठे होतास?” हा प्रश्न वारंवार येतो आणि आपण हसतो. तो प्रश्न विचारलाच गेला नाही तर काय होतं, ते शेखाडीच्या रस्त्याने एकदा पाहिलंय.

26 नोव्हेंबर 2008 नंतर किनाऱ्याचं सगळंच बदललं. ‘कुबेर’ ही गुजरातची मासेमारी बोट पळवून दहा दहशतवादी मुंबईत उतरले, त्यानंतर मच्छीमारांना ओळखपत्रं आली, सागर रक्षक दलं आली आणि ‘सागर कवच’ नावाची कवायत आली. या कवायतीकडे अजून कोणा विनोदी लेखकाची नजर कशी गेली नाही, याचं आश्चर्य वाटतं. नौदल, तटरक्षक दल, पोलीस, सीमाशुल्क आणि मत्स्यव्यवसाय अशी सगळी खाती त्यात उतरतात. एक गट अतिरेकी बनून किनाऱ्यावर घुसायचा प्रयत्न करतो, दुसऱ्याने त्याला पकडायचं. म्हणजे सुरक्षा दलातलीच माणसं साधे कपडे घालून, डमी सामान घेऊन, मच्छीमारांच्या बोटीतून चोरासारखी येणार. बंदोबस्तावर त्यांचेच सहकारी. आणि जेट्टीवर जाळं विणत बसलेल्या म्हाताऱ्या कोळ्याने या नव्या ‘खलाशा’चा होडीत चढतानाचा पाय नुसता पाहिला, तरी हा आपल्यातला नव्हे हे त्याने कोणाला सांगायच्या आधीच ओळखलेलं असणार. गोरं मनगट, पायातले बूट, आणि दोरीला भलतीच गाठ! वेषांतराची एवढी कडक परीक्षा कुठल्याही हेरपटात झाली नसेल.

उरणची गोष्ट तर 2016 सालची. उरीचा हल्ला 18 सप्टेंबरला झाला होता आणि 22 तारखेला उरणच्या शाळकरी मुलांनी सांगितलं की काळ्या कपड्यांतली सशस्त्र माणसं दिसली. नौदल, पोलीस, कमांडो, हेलिकॉप्टर, सगळं कामाला लागलं. मुंबईपासून रायगडपर्यंतचा किनारा सावध झाला. शोधाशोध झाली, हाती कोणी लागलं नाही. त्या रात्री उरणच्या घरांत काय चाललं असेल, याची कल्पना करा. दाराला कडी, गच्चीवर पुरुषमाणसं आणि आई मुलाला खोदून खोदून विचारतेय, नक्की पाहिलंस ना रे? रॉबर्ट रॉड्रिग्झच्या ‘स्पाय किड्स’मध्ये 2001 साली मुलं आई-बापांना वाचवायला निघाली होती. आपल्याकडे मुलांच्या एका वाक्यावर अख्खं आरमार निघालं.

आणि हरिहरेश्वर. 18 ऑगस्ट 2022, दहीहंडीचा आदला दिवस. किनाऱ्याला एक बेवारस नौका लागली, आत तीन एके-47 रायफली आणि काडतुसं. नाकाबंदी झाली, वाहिन्यांनी दिवसभर युद्धपातळी गाठली. मग तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत खुलासा केला: नौकेची मालकीण एक ऑस्ट्रेलियन बाई, कप्तान तिचाच नवरा. मस्कतहून युरोपकडे निघाले होते. जूनमध्ये इंजिन बंद पडलं, त्यांची सुटका झाली, खवळलेल्या समुद्रामुळे नौका ओढून नेता आली नाही आणि ती वाहत वाहत इथे आली. सकाळी जे राष्ट्रीय संकट होतं ते संध्याकाळी एका जोडप्याची मोडकी बोट निघालं. कोणत्याही पटकथाकाराने हे लिहिलं असतं तर निर्मात्याने “फारच ओढूनताणून आहे” म्हणून परत केलं असतं.

परेश मोकाशींनी मात्र असली वेडी कल्पना वेळेवर ओळखली होती. ‘मुक्काम पोस्ट बोंबिलवाडी’ या नाटकात दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत साक्षात हिटलर कोकणातल्या एका गावी येऊन पडतो. 1 जानेवारी 2025 रोजी त्याचा चित्रपटही आला, प्रशांत दामले हिटलरच्या भूमिकेत. जागतिक संकट आणि गावची नाटकमंडळी यांची त्यात गाठ पडते. मोठी गोष्ट लहान घरात शिरली की विनोद आपोआप तयार होतो, हे कोकणाइतकं कोणाला ठाऊक असणार!

या आकर्षणाचं आणखी एक कारण किनाऱ्याच्या माणसाला सहज पटेल. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड या भागांतली कितीतरी घरं मुंबईच्या, आखाताच्या आणि जहाजावरच्या पगारावर उभी राहिली. बाप वर्षातून एकदा येणार, पेटीत साबण, अत्तर, खेळणी. तो तिकडे नेमकं काय करतो, मुलांना ठाऊक नसे. बायकोलाही जेवढं पत्रात येई तेवढंच. साहेबाने केलेला अपमान, खोलीतली दाटी, वादळातली रात्र यांतलं काही पत्रात नसे. “मी खुशाल आहे” एवढं असे. हे गुप्तहेर नव्हते. पण घरात बाप असूनही त्याचं अर्धं आयुष्य झाकलेलं असणं, ही गोष्ट इथल्या मुलाला मालिकेने शिकवायची गरज नव्हती. म्हणून धृती आणि अथर्व या तिवारी भावंडांची बापाबद्दलची कुरकुर इथे ओळखीची वाटते.

जपानी ‘स्पाय एक्स फॅमिली’ने ही गंमत उलटी केली. तात्सुया एन्दो यांची ही चित्रमालिका 2019च्या मार्चमध्ये सुरू झाली, 2022पासून पडद्यावर आली आणि आपल्याकडच्या पोरांनाही वेड लावून गेली. हेराला कामगिरीसाठी कुटुंब हवं असतं, म्हणून तो खोटं कुटुंब उभं करतो. बायको मारेकरी निघते आणि मुलगी मनातलं ओळखणारी. कामगिरी कोणती? मुलीला एका प्रतिष्ठित शाळेत प्रवेश मिळवून देणं. शहाण्या आई-बापांनी मुलाखतीसाठी तीन वर्षांच्या मुलाला पढवून नेल्याचं ज्यांनी पाहिलंय, त्यांना ही हेरगिरी अजिबात अतिशयोक्त वाटणार नाही.

खऱ्या हेरांच्या घरी असं हसणं नसतं, हेही सांगायला हवं. राजस्थानच्या श्रीगंगानगरचा रवींद्र कौशिक नाटकात काम करणारा तरुण होता. प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतांनुसार तो पाकिस्तानात वेगळ्या नावाने राहिला, पकडला गेला आणि 2001 साली तिथल्या तुरुंगात मरण पावला. तुरुंगातून घरी आलेल्या त्याच्या पत्रांबद्दल पुढे बरंच छापून आलं. सरकार अशा माणसांबद्दल बोलत नाही. विनोदी हेरपट ही बाजू टाळतो, आणि चांगला असेल तर टाळल्याची खूण ठेवून टाळतो. ‘फॅमिली मॅन’च्या पहिल्या सीझनमध्ये श्रीकांतच्या पथकाच्या हातून निरपराध विद्यार्थी मारले जातात आणि तो डाग पुसला जात नाही. तो प्रसंग नसता तर ही मालिका नुसती चटपटीत राहिली असती.

या प्रकाराचं खरं दुखणं वेगळंच आहे. लेखकाला सुचेनासं झालं की तो घरच्यांना ओलीस ठेवतो. दुसऱ्या सीझनमध्ये धृतीचं अपहरण होतं आणि तिथून घर हे घर राहत नाही, पाठलागाचं निमित्त होतं. ‘टायगर 3’ या हेरपटात टायगर आणि त्याची बायको झोया यांना मुलगा आहे, पण त्याच्यामुळे त्या दोघांचं एकही खोटं अवघड होत नाही, त्याच्या जिवाची धमकी देता यावी, एवढंच त्याचं काम. असं घर कथेत नसलं तरी चालतं. नोव्हेंबर 2025मध्ये आलेल्या ‘फॅमिली मॅन’च्या तिसऱ्या सीझनमध्ये श्रीकांत स्वतःच फरार होतो आणि कुटुंबापुढे त्याचं खरं काम उघडं पडतं. सचोटीच्या दृष्टीने उत्तम! पण थाप संपली की तिच्याबरोबर बराचसा विनोदही जातो, आणि उरतो तो जयदीप अहलावतसारखा तगडा प्रतिस्पर्धी व ईशान्येचा निसर्ग. पहिला सीझन अजूनही सगळ्यांत सरस आहे, कारण त्यात प्रत्येक जण प्रत्येकापासून काहीतरी लपवतोय.

समोर बसलेल्यांत लिहिणारी तरुण मंडळी आहेत, त्यांना एक विनंती. रायगडच्या किनाऱ्यावर बेतलेली अशी मराठी मालिका प्रस्तुत वक्त्याच्या तरी पाहण्यात नाही, आणि कच्चा माल तर जागोजाग पडलाय. ‘सागर कवच’ पुन्हा होईल तेव्हा परवानगी काढून भरडखोलच्या, दिघीच्या किंवा रेवसच्या जेट्टीवर दिवसभर बसा. अतिरेकी बनलेल्या हवालदाराला विचारा, आज कुठे चाललोय म्हणून घरी काय सांगून आलास. आणि लिहायला बसाल तेव्हा त्याच्या बायकोला निदान त्याच्याइतके प्रसंग द्या.